भावाशी पैज लावावी का?

वाचक भगिनीचे पत्र (संक्षिप्त) :

"माझा धाकटा भाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची जुळणी-दुरुस्ती पाहणारा कारागीर आहे. वडील गेले आणि दहावीनंतर त्याचे शिक्षण सुटले, पण हुशारीत तो कोणाला हार जाणार नाही. गेल्या वर्षभरात मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून त्याचे ठाम मत झाले आहे की पृथ्वी सपाट आहे आणि रॉकेट, उपग्रह हे सगळे थोतांड आहे. अवकाशात हवाच नाही, तर रॉकेट ढकलणार कशाला? सुटलेले रॉकेट थोड्याच वेळात वाकडे होते आणि समुद्रात पडते, असे तो सांगतो. माझा मुलगा आठवीत आहे आणि मामा म्हणजे त्याचा जीव की प्राण. सहामाही परीक्षेत 'पृथ्वी गोल असल्याचे पुरावे लिहा' या प्रश्नापुढे त्याने जागा कोरी सोडली. परवा घरच्या कार्यक्रमात भावाने सर्वांसमोर पाच हजारांची पैज लावली, की पृथ्वी गोल आहे हे कोणीही सिद्ध करून दाखवावे. माझे यजमान पैज घ्यायला निघाले आहेत. पैज लावावी का? आणि भावाला न दुखावता मुलाला काय सांगू?"

— एक वाचक, सोलापूर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पैज लावू नका आणि यजमानांनाही लावू देऊ नका. केवळ घरातला सलोखा टिकावा म्हणून मी हे म्हणत नाही. हीच पैज यापूर्वी एकदा लागलेली आहे आणि तिचे पुढे काय झाले याची नोंद आहे. इंग्लंडमध्ये ओल्ड बेडफर्ड नावाचा एक लांबलचक सरळ कालवा आहे. १८३८ साली सॅम्युअल रोबोथम या गृहस्थाने त्याच्या पाण्यालगत डोळा ठेवून सहा मैलांपर्यंत जाणारी होडी पाहिली आणि ती शेवटपर्यंत दिसली, म्हणून पृथ्वी सपाट आहे असे जाहीर केले. १८७० मध्ये त्याच मताच्या जॉन हॅम्पडनने पाचशे पौंडांची पैज लावली आणि ती आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी स्वीकारली. डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारे, तरुणपणी जमीनमोजणीचे काम केलेले, तेच हे वॉलेस. पाण्याला चिकटून असलेली हवा प्रकाशाचा मार्ग वाकवते हे त्यांना ठाऊक असल्याने त्यांनी आपली रेषा पाण्यापासून बरीच वर घेतली. एका पुलावर दुर्बीण, सहा मैलांवरच्या दुसऱ्या पुलावर खूण आणि मध्यावर खांबाला लावलेली तिसरी खूण, अशी तिन्ही पाण्यापासून सारख्याच उंचीवर होती. पाणी सपाट असते तर तिन्ही एका रेषेत दिसायला हवी होती. मधली खूण वर उचललेली दिसली आणि पंचाने निकाल वॉलेस यांच्या बाजूने दिला.

यानंतर जे घडले ते आपल्या यजमानांना अवश्य वाचून दाखवा. हॅम्पडनने निकाल मानला नाही. त्याने वर्षानुवर्षे वॉलेस यांना खोटारडा, चोर म्हणणारी पत्रे वाटली, त्यांच्या पत्नीला धमकीचे पत्र पाठवले आणि बदनामीच्या खटल्यांत तुरुंगातही गेला. शेवटी कोर्टकज्जात पैजेची रक्कमही वॉलेस यांच्या हाती राहिली नाही. प्रयोग अचूक होता, पण पैज लागल्यामुळे हॅम्पडनसमोर दुर्बिणीतील खुणेऐवजी स्वतःची अब्रू उभी राहिली. पाहुण्यांसमोर पाच हजार रुपये ठेवलेल्या माणसाची स्थितीही अशीच होते. मग त्याला खरे काय हे पाहण्याची मोकळीक उरत नाही.

आपल्या बंधूंची शंका मला हास्यास्पद वाटत नाही, हेही स्पष्ट लिहितो. बत्तीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. पहिल्या काही वर्षांतली एक चूक मला आजही बोचते. पृथ्वी गोल असेल तर खालच्या बाजूची माणसे पडत कशी नाहीत, असे सातवीतल्या एका मुलाने विचारले. अभ्यासक्रम मागे पडला होता, म्हणून मी त्याला "पुस्तकात दिले आहे तेवढे पाठ कर" असे सांगून खाली बसवले. त्या मुलाने त्यानंतर वर्षभर एकही प्रश्न विचारला नाही. आपल्या बंधूंनाही कोणीतरी असेच खाली बसवले असणे शक्य आहे, आणि मोबाइलवरचा माणूस मात्र रोज रात्री त्यांना म्हणतो, "तुम्ही स्वतः विचार करा." या आवाहनात चुकीचे काहीच नाही. तेव्हा आपणही त्यांना तेच म्हणू या आणि सोबत मोजण्याची साधने देऊ या.

रॉकेट ढकलते कशाला, या प्रश्नाचे उत्तर आपल्या बंधूंच्या हाताखाली रोज खडखडत असते. त्यांनी जुना धोट्याचा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्याचा माग हाताळला असेलच. नसेल तर सोलापूरच्या पूर्व भागात तो अजून पाहायला मिळेल. पिकरचा, म्हणजे धोट्याला फेकणाऱ्या भागाचा फटका बसून धोटा उजवीकडे सुटतो, त्याच क्षणी मागाच्या सांगाड्याला डावीकडे हिसका बसतो. धोटा पलीकडच्या पेटीत अडला की हिसका उलट दिशेने बसतो. म्हणून तर माग फरशीला बोल्टने आवळावा लागतो, आणि बोल्ट ढिले झाले तर तो जागचा हलतो, हे जॉबरला कोणी शिकवायला नको. आता त्यांना एवढेच विचारा, की मागाला बसणारा तो हिसका हवेमुळे बसतो का? धोटा हवेवर रेलत नाही. मागाने धोट्याला जेवढ्या जोराने फेकले, तेवढ्याच जोराने धोट्याने मागाला मागे रेटले. कारखान्यातली सगळी हवा काढून घेतली तरी तो हिसका तसाच बसेल. रॉकेटही हेच करते. पोटातला वायू सेकंदाला काही किलोमीटर वेगाने ते मागे फेकते आणि त्या वायूचा रेटा त्याला पुढे नेतो. फरक इतकाच, की फेकलेला वायू कुठल्याही पेटीत परत अडत नाही, म्हणून उलटा हिसका बसत नाही आणि मिळालेला वेग साठत जातो. हवा नसेल तर उलट बरेच, कारण मग तिचा अडथळाही नसतो.

ही शंका मोठमोठ्यांना पडलेली आहे, हेही त्यांना सांगा. अमेरिकेतले रॉबर्ट गोडार्ड यांनी निर्वात केलेल्या नळीत प्रयोग करून रॉकेट निर्वातातही जोर लावते हे दाखवले होते. तरी १९२० च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात त्यांची खिल्ली उडवली, की या गृहस्थांना ढकलायला काहीतरी लागते एवढेही कळत नाही. त्या वृत्तपत्राने आपली चूक छापून मान्य केली ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि हवेशिवाय इंधन जळते कसे, असा पुढचा प्रश्न येईल, तेव्हा गड्ड्याच्या यात्रेतले होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम आठवायला सांगा. ठासून भरलेल्या नळीत बाहेरची हवा शिरायला जागाच नसते. दारूतला शोरा जळताना आतल्या आत प्राणवायू पुरवतो. चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटच्या दोन्ही बाजूंच्या नळकांड्यांत घन इंधनातच प्राणवायू देणारे रसायन मिसळलेले होते आणि सर्वांत वरच्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजनसोबत द्रवरूप प्राणवायू भरलेला होता.

रॉकेट वाकते आणि समुद्रात पडते, हे त्यांचे निरीक्षण अर्धे खरे आहे आणि ते खरे असल्याचे आपण आधी मान्य केले पाहिजे. रॉकेट वाकतेच, मुद्दाम वाकवले जाते. रिकामे झालेले टप्पे समुद्रातच पडतात आणि त्यासाठी त्या भागातल्या मच्छीमारांना, जहाजांना, विमानांना आधी सूचना दिलेली असते. पण नुसते उंच जाऊन उपयोग नसतो, कारण तसे गेलेले काहीही सरळ खाली येते. वर राहायचे असेल तर आडवा वेग लागतो. चारशे किलोमीटर उंचीवर तो सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर आहे. या एका सेकंदात वस्तू जवळजवळ सव्वाचार मीटर खाली येते आणि तेवढ्याच अंतरात तिचा वर्तुळाकार मार्गही सरळ रेषेपासून सव्वाचार मीटर खाली वळलेला असतो. म्हणजे ती सतत पडत असते, पण जमीन तिच्याखालून सतत वळत असल्याने दोघींतले अंतर कमी होत नाही. सपाट जमिनीवर हे गणित जमलेच नसते. श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर आहे, यामागेही एक कारण आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते आणि त्या ठिकाणी सेकंदाला सुमारे साडेचारशे मीटरचा वेग रॉकेटला सुटण्यापूर्वीच मिळालेला असतो.

एवढे सगळे सांगून झाले तरी बंधू म्हणतील, की हे तुमचे आकडे. ते बरोबरच म्हणतील. म्हणून माझा खरा सल्ला असा आहे, की एका संध्याकाळी सगळ्यांनी गच्चीवर जावे.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटरवरून दीड तासात एक फेरी मारते. आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये तेथेच राहिले होते. सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयापूर्वीच्या तास-दीड तासात ते कधीकधी सोलापूरवरूनही दिसते, आणि ते दिसण्याची वेळ व दिशा नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' या सेवेवर काही दिवस आधी मिळते. पहिल्यांदा मी ते माझ्या विद्यार्थ्यांसोबत पाहिले, तेव्हा वायव्येला एका नारळाच्या झाडामागून शुक्रासारखा तेजस्वी ठिपका निघाला. त्याला लुकलुक नव्हती, आवाज नव्हता, विमानासारखे लाल-हिरवे दिवे नव्हते. एकाच संथ चालीने तो डोक्यावरून आग्नेयेकडे निघाला आणि क्षितिज बरेच दूर असताना, स्वच्छ आकाशात, दोन-तीन सेकंदांत तांबूस होऊन विझला. मुलांनी ढग शोधला, ढग नव्हता. ते स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरले होते. घड्याळ आणि सांगितलेली वेळ यांत आम्हाला फरक सापडला नाही.

बंधूंनी हे एकट्याने पाहू नये. ज्याच्यावर त्यांचा विश्वास आहे असा एखादा मित्र पुण्यात असेल, तर त्याला फोनवर ठेवावे. पुणे सोलापूरपासून सरळ रेषेत सुमारे २३५ किलोमीटर आहे. स्थानक पुण्याच्या बरोबर डोक्यावर असेल त्या क्षणी सोलापुरातून ते वायव्येकडे, क्षितिजापासून सुमारे साठ अंश वर दिसले पाहिजे. कागदावर त्रिकोण काढला की उंची चारशे किलोमीटरच्या आसपास येते. उलट, पुण्यावरून दहा-बारा किलोमीटर उंचीवर जाणारे विमान सोलापुरातून क्षितिजाला जवळजवळ टेकलेले असेल, साठ अंशांवर दिसणारच नाही. पुण्यातला मित्र आणि सोलापुरातला जॉबर एकाच मिनिटाला एकाच ठिपक्याकडे बोट दाखवत असतील, तर तो ठिपका ड्रोन, फुगा किंवा विमान असू शकत नाही. या मोजणीत कोणत्याही संस्थेचा फोटो नाही, कोणाचे प्रमाणपत्र नाही. दोन माणसे आणि एक फोन एवढ्यावर ती होते.

गच्चीवर आहातच, तर गल्लीतल्या टीव्हीच्या छत्र्याही मुलाला मोजू द्या. त्या सगळ्या दक्षिण आणि पूर्व यांच्या मधल्या कोणत्या तरी दिशेला तोंड करून असतात. त्या दिशेला मनोरा नाही, नुसते आकाश आहे, आणि वळवाचा पाऊस कोसळू लागला की चित्र तेथेच अडकते. विषुववृत्ताच्या वर जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर असलेला उपग्रह पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच वेळात आपली फेरी पूर्ण करतो, म्हणून तो आपल्याला जागचा हललेला दिसत नाही आणि छत्री एकदा आवळली की पुन्हा फिरवावी लागत नाही.

हे सगळे मिळून खोटे बोलत आहेत, या आरोपावर मी फार वेळ घालवणार नाही. पण दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी जुळवलेला, एक किलोच्या आतला 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने वर नेला. तो जोडणारे हात तुमच्या-आमच्या घरांतल्या मुलामुलींचे होते. आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चे विक्रम सगळ्या देशाच्या डोळ्यांदेखत चंद्रावर आदळले, तेव्हा त्याचे अवशेष चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने टिपलेल्या, सर्वांना खुल्या असलेल्या छायाचित्रांत प्रथम शोधले ते षण्मुग सुब्रमण्यन या चेन्नईच्या तरुण अभियंत्याने, घरी बसून, रात्र-रात्र जागून. ज्याला सोंग करायचे आहे तो अपयशाचे सोंग कशाला करील, आणि त्याचे तुकडे दुसऱ्या देशाच्या छायाचित्रात कसे ठेवील?

जमीन सपाट दिसते, हे तर खरेच. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ग्रंथात याचे कारण दिले आहे. परिघाचा शंभरावा भागही सपाटच भासतो, माणूस अगदी लहान आणि पृथ्वी प्रचंड, म्हणून तिच्या पाठीवर उभ्या असलेल्याला ती सपाट वाटते. त्यांच्याही साडेसहाशे वर्षे आधी आर्यभटांनी पृथ्वी सर्व बाजूंनी गोल असल्याचे लिहून ठेवले होते. हे ज्ञान परदेशातून आपल्यावर लादले गेले असे बंधूंना कोणी सांगितले असेल, तर त्यांना घरातले दाते पंचांग उघडायला सांगा. ते आपल्या सोलापुरातूनच निघते. गावागणिक सूर्योदयाची वेळ बदलते ती अक्षांश-रेखांशांमुळे, म्हणजे गोलावरच्या मापांमुळे. आपल्या घरी ७ सप्टेंबर २०२५ चे चंद्रग्रहण पाळले असेल, तर खग्रास स्थिती रात्री अकराच्या सुमारास सुरू होणार हे महिने-महिने आधी छापलेले होते. ते गणित पृथ्वी सूर्य आणि चंद्र यांच्या मधोमध येते असे धरूनच केले जाते. सपाट पृथ्वीच्या कल्पनेत सूर्य आणि चंद्र दोघेही कायम आपल्या डोक्यावर फिरत असतात, मग जमीन त्यांच्या मध्ये येणार कशी? आणि चंद्रावर सरकणाऱ्या त्या सावलीची कड, ग्रहण कोणत्याही रात्री, कोणत्याही प्रहरी असो, नेहमी गोलच का असते?

आता आपल्या मुलाविषयी. उत्तरपत्रिकेतली ती कोरी जागा पाहून रागावू नका. जे स्वतःला पटले नाही ते त्याने लिहिले नाही, आणि मामाला खोटे पाडायचे नाही म्हणूनही लिहिले नाही. दोन्ही कारणे त्याच्या मनाचा चांगुलपणाच सांगतात. त्याला "मामाचे ऐकू नकोस" असे म्हणू नका. त्याऐवजी दोघांना मिळून एक काम द्या. पुठ्ठ्यावर कोनमापक चिकटवा, त्याच्या सरळ कडेला रिकाम्या पेनाची नळी बांधा आणि मध्यबिंदूतून दोरा सोडून त्याला एक नट लटकवा. नट मामाच्या खिशात मिळेलच. उत्तरेला, शहराच्या दिव्यांपासून दूर, सप्तर्षी किंवा शर्मिष्ठेच्या मदतीने ध्रुव शोधा, नळीतून पाहा आणि दोरा कोणत्या आकड्यावर येतो ते नव्वदातून वजा करा. सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७ आहे. उत्तर सतरा-अठराच्या आसपास येईल. घरातले कोणी वैष्णोदेवीला निघाले तर हेच साधन त्यांच्यासोबत द्या, तेथे ध्रुव जवळजवळ तेहतीस अंशांवर सापडेल. कन्याकुमारीला तो आठ अंशांवर उतरतो, विषुववृत्ताच्या पलीकडे खाली जातो आणि मॉरिशसमधून दिसतच नाही. सपाट जमिनीवर तारा दूर जाताना खाली सरकला असता, पण जमिनीखाली कधीच गेला नसता.

प्रत्येक मोजणीच्या आधी एक शिस्त पाळा, आणि या शिस्तीविषयी मी आग्रही आहे. आकडा किती येईल हे बंधूंनी आपल्या मताप्रमाणे एका वहीत आधी लिहावे, आपल्या यजमानांनी त्यांच्या मताप्रमाणे लिहावे आणि मगच मोजावे. पाहुणे नकोत, मोबाइलवर चित्रीकरण नको, हरलास-जिंकलो असे शब्द नकोत. आकडा चुकला तर त्या रात्री कोणीही काही बोलू नये, जेवायला बसावे. मत बदलायला माणसाला एकांत लागतो. तो त्यांना मिळू द्या, मग त्याला दोन महिने लागोत किंवा दोन वर्षे. आणि यजमानांना पाच हजार रुपये खर्चायचेच असतील, तर सोलापूरवरून चेन्नईकडे गाड्या जातातच. श्रीहरिकोट्यासाठी सुल्लुरुपेटा स्थानक जवळचे आहे, आणि तेथे सर्वसामान्यांना नोंदणी करून उड्डाण पाहता येईल असा प्रेक्षकसज्जा इस्रोने बांधला आहे. मामा-भाचा दोघांची तिकिटे काढा. आधी प्रकाश दिसतो आणि गडगडाट बऱ्याच सेकंदांनी पोहोचतो, तेव्हा भाच्याला त्या सेकंदांवरून अंतर काढायला सांगा.

ध्रुवाचा कोन मोजून झाला की मला जरूर कळवा. आकडा मामाने स्वतःच्या हाताने लिहिलेला असावा, आणि पुठ्ठ्याचे साधन कोणी बनवले तेही त्याखाली लिहा.

आपला,
सल्ला सदराचा लेखक